पान मराठी आहे तर हेड पण मराठीच पाहिजे: मेटा टॅग नीट लावायची पद्धत

आपल्याकडं आता गावोगाव वेबसाइटी व्हायलेत. लातूरचे क्लासवाले, जालन्याचे बियाणंवाले, पैठणचे पैठणी विणणारे, वसमतचे हळदवाले, सगळ्यांना स्वतःचं पान पाहिजे आणि पानावरचा मजकूर पण आता बऱ्यापैकी मराठीत असतो, ही लै चांगली गोष्ट आहे. पण तेच पान कॉम्प्युटरवर उघडा, कंट्रोल आणि यू दाबा आणि आतला कोड बघा. वरचा हेडचा भाग, म्हणजे पानावर न दिसणारी पण पानाबद्दल सांगणारी माहिती, सगळा इंग्रजी, तो पण टेम्प्लेटसोबत आलेला जसाच्या तसा. भाषा इंग्रजी म्हणून लिहिलेली, टायटल नुसतं होम, डिस्क्रिप्शन रिकामं नाहीतर थीम बनवणाऱ्यानं नमुना म्हणून टाकलेलं. म्हणजे लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी, आणि मधी गूगल, व्हॉट्सॲप, आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर यांच्याकडं जी माहिती जाते ती इंग्रजी नाहीतर कायच नाही. मग दुकानदार विचारतो, दादा लिंक पाठवली की नुसती निळी ओळ दिसायली, फोटो काहून येईना? तर त्याचं उत्तर ह्या हेडमधी आहे.

जी पोरं आपल्या भागात वेबसाइट बनवायलेत त्यांच्यासाठी हे लिहायलोय. मेटा टॅग म्हणजे हेडमधल्या, पानाची माहिती सांगणाऱ्या कोडच्या ओळी. टॅग फार नाहीत, दहाबारा पुरतात, पण ते प्रत्येक पानाला वेगळे, खरे आणि पानाच्या भाषेत पाहिजेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली टॅग मी देवनागरीत लिहिलेत, फोनवर एकमेकाला सांगतो तसे, म्हणजे वाचायला सोपं जाईल. कोडमधी टॅगची आणि ॲट्रिब्यूटची नावं अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरात टाकायची. मराठीत टाकायचा तो फक्त आतला मजकूर. उदाहरण म्हणून सगळीकडं एकच पान धरू, वसमतचा एक शेतकरी गट हळद पावडर विकतो, त्याच्या विक्रीचं पान.

सगळ्यात आधी चारसेट

<मेटा चारसेट="यूटीएफ-८">

चारसेट म्हणजे साठवलेल्या बाइटची अक्षरं कोणत्या तक्त्यातून वाचायची ते. ही ओळ हेड उघडल्या उघडल्या पहिली पाहिजे, टायटलच्या पण आधी. कारण असं की एचटीएमएलच्या नियमाप्रमाणं हा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत पूर्ण यावा लागतो. इंग्रजी अक्षर एका बाइटमधी बसतं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधी तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजायचं. "हळद" हा शब्द ९ बाइट, "शेतकऱ्यांची" लिहिलं की ३३. वर लांबलचक मराठी टायटल, डिस्क्रिप्शन आणि कॉमेंट टाकून चारसेट खाली ढकलला की १०२४ कधी ओलांडले ते कळत पण नाही.

चारसेट चुकला तर काय दिसतं ते तुम्ही बघितलेलंच असणार. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक गोल चिन्ह, मग कायतरी, आणि तोच ए परत परत. ते उगंच नाही येत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई-शून्य असतो, आणि जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमधी त्या आकड्याला तोच रेघवाला ए आहे. म्हणून पानभर रेघवाले ए दिसले की समजायचं, मजकूर शाबूत आहे, फक्त ब्राउझर चुकीच्या तक्त्यातून वाचायलाय. दुरुस्ती सोपी आहे. पण टॅग बरोबर असून पण कचरा दिसत असेल तर सर्व्हरकडं बघा, कारण सर्व्हर पानासोबत जो कन्टेन्ट-टाइप हेडर पाठवतो त्यात दुसरा चारसेट लिहिलेला असला तर त्याचंच चालतं, तुमच्या मेटा टॅगचं नाही. आणि फाइल एडिटरमधून सेव्ह करतानाच यूटीएफ-८ मधी केली का नाही ते पण एकदा बघून घ्या.

दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे. आपल्याकडं बरंच साहित्य डीटीपीवाल्याकडून येतं, पत्रकं, लग्नपत्रिका, जाहिराती करणारा तोच माणूस, आणि त्याच्याकडचा मजकूर कितीदा तरी श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात असतो. त्यात दिसायला मराठी असतं पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चित्र चढवतो. असा मजकूर टायटल नाहीतर डिस्क्रिप्शनमधी टाकला तर तिथं तुमचा फॉन्ट नसतो, नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. चारसेट कितीबी बरोबर लिहा, काही उपयोग नाही. आधी तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमधी काढा आणि मग डोळ्यानं वाचून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडंतिकडं होतात. "शेतकऱ्यांचा" सारख्या शब्दात तर खास लक्ष द्या, तो अर्धा र काही कीबोर्डवरून एका पद्धतीनं टाइप होतो, काहींवरून दुसऱ्या, आणि कन्व्हर्टरनं मधला जोडणारा अदृश्य कोड खाल्ला की "शेतकर्यांचा" असं वाईट दिसतं, ते पण गूगलच्या निकालात, ठळक अक्षरात.

भाषा सांगा

हा तसा मेटा टॅग नाही, सगळ्यात बाहेरच्या एचटीएमएल टॅगवरचं ॲट्रिब्यूट आहे, पण ह्याला सोडून पुढं जाता येत नाही.

<एचटीएमएल लँग="एमआर">

एम आणि आर, मराठीचा ठरलेला कोड. टेम्प्लेटमधी तिथं इंग्रजीचा कोड असतो, आणि हिंदी थीम उचलली असली तर हिंदीचा. पान तर दिसतंय, मग काय फरक पडतो, असं बरेच जण म्हणतात. पडतो. ज्याला दिसत नाही असा माणूस मोबाइलच्या स्क्रीन रीडरवर पान ऐकतो तेव्हा कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते स्क्रीन रीडर ह्या कोडवरून ठरवू शकतो, इंग्रजी लिहिलं तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायची पाळी येते. शिवाय मराठीचा ल आणि श आपण शाळेत गिरवला तो वेगळा आणि हिंदी वळणाचा वेगळा. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांमधी दोन्ही वळणं ठेवलेली असतात आणि भाषेचा कोड मराठी असला तरच मराठी वळण लागतं. दोन अक्षरं बदलली आणि पानभरातले ल आणि श आपल्या वळणाचे झाले, हे स्वतः करून बघा, मजा वाटते.

गूगल मात्र पानाची भाषा ठरवायला हा कोड वापरत नाही, तो मजकूर वाचून ठरवतो. म्हणजे रँकिंगसाठी, निकालात वर येण्यासाठी, हे करायचं नाही. वाचणाऱ्यासाठी आणि ऐकणाऱ्यासाठी करायचं.

पानात मधीच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या परिच्छेदाला इंग्रजीचा कोड वेगळा द्या.

व्ह्यूपोर्ट

<मेटा नेम="व्ह्यूपोर्ट" कन्टेन्ट="विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१">

एवढंच. हा नसला तर मोबाइल समजतो की पान मोठ्या स्क्रीनसाठी बनवलंय, साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं मांडतो आणि मग आकसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. काही जण त्यात पुढं झूम बंद करायचा पर्याय पण टाकतात, डिझाइन हलू नये म्हणून. ते काढून टाका. आपलं गिऱ्हाईक कोण आहे बघा, साठीचा शेतकरी दोन बोटांनी भाव मोठा करून बघतो, त्याचं झूम काहून बंद करायचं?

टायटल

टायटल पण नावानं मेटा टॅग नाही, स्वतंत्र टॅग आहे, पण सगळ्यात जास्त दिसतो हाच. गूगलच्या निकालातली मोठी ओळ, ब्राउझरचा टॅब, बुकमार्क, सगळीकडं.

प्रत्येक पानाला वेगळं टायटल. पानावर जे आहे ते आधी, दुकानाचं नाव शेवटी. आपल्या पानासाठी: "वसमतची हळद पावडर, थेट शेतकऱ्याकडून" आणि मग रेघ मारून गटाचं नाव. "होम", "आमच्याबद्दल", "प्रॉडक्ट १" असली टायटलं कुणाच्या काय कामाची नाहीत, शंभर निकालांत "आमच्याबद्दल" दिसलं तर कोण दाबणार?

किती लांब ठेवायचं म्हणाल तर अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही, गूगल जागेच्या रुंदीप्रमाणं कापतो, आणि मराठी अक्षरं एकसारखी रुंद नसतात, त्यामुळं इंग्रजीसाठी सांगितलेला साठ अक्षरांचा हिशोब आपल्याला लागू धरू नका. महत्त्वाचे चारपाच शब्द सुरुवातीला ठेवा, पुढचं कापलं गेलं तरी चालेल असं लिहा. आणि हे पण माहीत असू द्या की गूगलला तुमचं टायटल पटलं नाही, म्हणजे पानाशी जुळत नाही, एकच शब्द पाच वेळा आहे, सगळ्या पानांना सारखंच आहे, तर तो पानावरची मोठी हेडिंग नाहीतर दुसरं काही उचलून स्वतःच टायटल बनवतो. म्हणून हेडिंग आणि टायटल एकमेकाला धरून ठेवा.

डिस्क्रिप्शन, इथं वेळ घाला

<मेटा नेम="डिस्क्रिप्शन" कन्टेन्ट="वसमत तालुक्यातल्या शेतात पिकवलेली आणि गावातच दळलेली हळद. अर्धा आणि एक किलोची पाकिटं, महाराष्ट्रात कुरिअरनं घरपोच. ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेतो.">

डिस्क्रिप्शननं रँकिंग वाढत नाही, गूगलनं हे कितीदा तरी सांगितलंय. मग लिहायचं कशाला? कारण निकालात टायटलखाली ज्या दोन ओळी दिसतात त्या बऱ्याचदा इथून येतात आणि माणूस त्या वाचून ठरवतो, दाबायचं का पुढं जायचं. बऱ्याचदा म्हणतोय, दरवेळी नाही. शोधलेल्या शब्दाला पानातला दुसरा मजकूर जास्त जुळला तर गूगल तो दाखवतो.

"आम्ही उत्कृष्ट दर्जा आणि ग्राहकांचे समाधान यासाठी कटिबद्ध आहोत" हे वाक्य हळदवाल्याला पण चालतं, ट्रॅक्टरवाल्याला पण आणि दवाखान्याला पण, म्हणजेच ते कुणाचंच नाही. त्याच्याऐवजी माणूस दुकानात आल्यावर पहिले काय विचारतो ते आठवा. कुठली आहे? केवढ्याचं पाकीट? घरी पाठवता का? ह्याचीच उत्तरं डिस्क्रिप्शन. बोलतो तशा भाषेत लिहा, आणि जे पानावर नाही ते डिस्क्रिप्शनमधी लिहू नका. घरपोच लिहिलं आणि पानावर घरपोचचा पत्ताच नाही तर माणूस चिडून परत जातो आणि परत येत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. अवतरण चिन्हं. कोड व्हॉट्सॲपवर पाठवला, वर्डमधी चिकटवला, तिथून परत उचलला, की सरळ अवतरण चिन्हांची वाकडी होतात, पुस्तकात छापतात तशी उघडती आणि मिटती. डोळ्याला फरक कळत नाही, पण ब्राउझरसाठी वाकडं चिन्ह म्हणजे अवतरणच नाही, ते नुसतं एक अक्षर. मग तो काय करतो, अवतरण नाही म्हणजे पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच किंमत आहे असं धरतो. तुमच्या डिस्क्रिप्शनमधला फक्त पहिला शब्द, "वसमत", तो पण आधी ते वाकडं चिन्ह चिकटून, एवढाच डिस्क्रिप्शन होतो, आणि "तालुक्यातल्या", "शेतात", "पिकवलेली" हे एकेक वेगळं ॲट्रिब्यूट समजून तो बाजूला टाकतो. एरर कुठंच येत नाही, पान एकदम झकास दिसतं. म्हणून कोड पाठवायचा तर साध्या टेक्स्ट फाइलमधी पाठवा, मेसेजमधी नाही.

त्याचाच भाऊ म्हणजे मजकुराच्या आतलं अवतरण. कन्टेन्टच्या बाहेर सरळ दुहेरी चिन्ह आहे आणि आत तुम्ही "सेंद्रिय" हा शब्द परत सरळ दुहेरी चिन्हात घातला, की ब्राउझरला वाटतं मजकूर तिथंच संपला. आत एकेरी चिन्ह वापरा, किंवा अँड, क्वॉट, सेमीकोलन हा एचटीएमएलचा कोड वापरा. सोपं म्हणजे डिस्क्रिप्शनमधी अवतरण टाळाच.

गावाचं नाव कोणतं लिहायचं

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न खरा आहे. २०२३ मधी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव, तर सरकारी आणि आजचं नाव तेच लिहायचं. पण शोधणारे लोक अजून दोन्ही नावं टाकतात, कुणी नुसतं संभाजीनगर, कुणी जुनं. म्हणून टायटलमधी आजचं नाव ठेवा आणि डिस्क्रिप्शनमधी नाहीतर पानावरच्या पत्त्यात एकदा "पूर्वीचं औरंगाबाद" असं सरळ लिहून टाका. एकदा. टायटलमधी चार नावं स्वल्पविराम देऊन ओळीनं लावली तर ते वाचायला पण वाईट दिसतं आणि गूगल ते टायटल बदलून टाकण्याची शक्यता वाढते.

आठी जिल्ह्यांची नावं डिस्क्रिप्शनमधी भरणारे पण आहेत, संभाजीनगर जालना बीड परभणी हिंगोली नांदेड लातूर धाराशिव अशी सगळी माळ. तुम्ही खरंच आठी जिल्ह्यांत माल पोचवत असाल तर "मराठवाड्यात सगळीकडं" असं लिहा, माणसाला ते समजतं.

हे टॅग टाकायचे नाहीत

कीवर्ड्सचा मेटा टॅग. अजून लोक ह्याच्यात पन्नास पन्नास शब्द भरतात आणि दुकानदाराकडून त्याचे वेगळे पैसे पण घेतात. गूगलनं २००९ मधीच जाहीर केलं की वेब सर्चच्या रँकिंगमधी हा टॅग वापरत नाही. गिऱ्हाइकाला सांगून टाका आणि तो वेळ डिस्क्रिप्शनला द्या.

रिव्हिजिट-आफ्टर म्हणजे "सात दिवसांनी परत या" असं गूगलला सांगणारा टॅग, त्याचं गूगल ऐकत नाही. अक्षांश-रेखांशाचे जिओ टॅग, ते पण गूगल बघत नाही, दुकानाची जागा सांगायची तर गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा. आणि मेटा रिफ्रेशनं आपोआप दुसऱ्या पानावर पाठवणं, ते सोडा, पान कायमचं हलवलं असेल तर सर्व्हरवरून ३०१ रीडायरेक्ट द्या.

व्हॉट्सॲपवर लिंक कशी दिसते

आपल्या भागात खरा धंदा इथं होतो, हे मनापासून सांगतो. गूगलवरून येणारं गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल, पण शेतकऱ्यांच्या गटात, पाहुण्यांच्या गटात, क्लासच्या पालकांच्या गटात लिंक आज फिरायली. तिथं जो चौकोन दिसतो, फोटो, नाव, खाली एक ओळ, तो ओपन ग्राफच्या, म्हणजे ओजीच्या, टॅगवरून बनतो. फेसबुकनं २०१० मधी ही पद्धत आणली आणि आता सगळेच ती वापरतात.

<मेटा प्रॉपर्टी="ओजी:टायटल" कन्टेन्ट="वसमतची हळद पावडर, थेट शेतकऱ्याकडून">

असेच ओजी:टाइप, ओजी:इमेज आणि ओजी:यूआरएल, हे चार मूळचे. त्यांच्यासोबत ओजी:डिस्क्रिप्शन टाकाच, आणि ओजी:लोकॅलमधी मराठी-भारतचा कोड, एमआर अंडरस्कोर मोठ्या अक्षरात आयएन.

नीट बघा, इथं नेम नाही, प्रॉपर्टी आहे. वरच्या डिस्क्रिप्शनमधी नेम आणि ओजीमधी प्रॉपर्टी, कॉपी करताना लोक सगळीकडं नेमच ठेवतात. आणि ट्विटरचे म्हणजे आताच्या एक्सचे टॅग परत नेमनं लिहायचे. त्यातला ट्विटर:कार्ड एवढा एक टाकला तरी बाकी माहिती तो ओजीमधून घेतो.

फोटोबद्दल. १२०० बाय ६३० पिक्सेल ही फेसबुकनं सांगितलेली मापं आहेत, ती धरा. वजन ६०० केबीच्या आत ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो सोडून देतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून काढलेला पाचसहा एमबीचा फोटो सरळ चढवला म्हणजे "निळी ओळच दिसायली" ही तक्रार आलीच समजा. फोटोचा पत्ता पूर्ण लिहायचा, एचटीटीपीएसपासून, नुसतं "इमेजेस स्लॅश हळद" असं अर्धं चालत नाही. फोटो लॉगिनच्या आड नको. आणि त्या फोटोत दिसायचं काय तर हळदच, पिवळी, पाकिटासकट. पांढऱ्या चौकोनात बारका लोगो ठेवला तर गटातल्या दोनशे मेसेजमधी तो कुणाला दिसणार? काही ठिकाणी हा आडवा फोटो चौकोनी कापून दाखवतात, म्हणून मुख्य वस्तू मधोमध ठेवा, कडेला अक्षरं नकोत.

अजून एक अडचण नवीन पद्धतीच्या साइटींना येते. रिॲक्ट वगैरे वापरून सगळं पान जावास्क्रिप्टनं ब्राउझरमधी उभं केलं तर हे टॅग पण नंतर उगवतात. गूगल जावास्क्रिप्ट चालवून बघतो, पण व्हॉट्सॲप आणि फेसबुकचा वाचणारा प्रोग्राम सर्व्हरनं दिलेला पहिला एचटीएमएल तेवढा वाचतो. त्यात टॅग नसले की चौकोन रिकामा. म्हणून टॅग सर्व्हरवरूनच तयार होऊन आले पाहिजेत.

टॅग दुरुस्त केला तरी जुनाच फोटो दिसायलाय असं झालं तर घाबरू नका, ती साठवलेली प्रत आहे. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमधी लिंक टाकून परत वाचायला लावा. व्हॉट्सॲपवर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबर, २ असं जोडून स्वतःलाच पाठवून बघा, म्हणजे त्याला ती नवीन लिंक वाटते. आधी गटात गेलेले मेसेज मात्र बदलत नाहीत, कारण व्हॉट्सॲपचा चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनवर बनून मेसेजसोबतच जातो. म्हणून लिंक गटात सोडायच्या आधी तपासायची.

कॅनॉनिकल आणि दोन भाषांची पानं

त्या जोडलेल्या प्रश्नचिन्हामुळंच पुढचा टॅग लागतो. एकच पान तीनचार पत्त्यांनी उघडतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, न लावून, शेवटी कायकाय जोडून. खरा पत्ता कोणता ते सांगायला लिंक टॅग आहे, रेल बरोबर कॅनॉनिकल, आणि एचरेफमधी पूर्ण पत्ता. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडं. टेम्प्लेटमधी मुख्य पानाचा कॅनॉनिकल टाकून तो सगळ्या पानांवर तसाच गेला तर तुम्ही गूगलला सांगायलात की बाकी पानं मुख्य पानाचीच नक्कल आहेत, आणि मग ती निकालात येईनात म्हणून शोधत बसता.

पत्त्यात देवनागरी टाकता येते, पण कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी एकेका चिन्हाची टक्केवाली नऊ रोमन अक्षरं होतात आणि लिंक हातभर लांब होते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पानासाठी पत्ता छोटा रोमनमधी ठेवा. मराठीचा आग्रह टायटलमधी धरा, तिथं तो दिसतो.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन पानं असतील तर एचरेफलँगचे, म्हणजे कोणत्या भाषेचं पान कुठं आहे ते सांगणारे, लिंक टॅग दोन्ही पानांवर टाकायचे, प्रत्येकानं स्वतःचा आणि दुसऱ्याचा दोन्ही पत्ते द्यायचे. एकानंच सांगितलं आणि दुसऱ्यानं परत सांगितलं नाही तर गूगल ती जोडी सोडून देऊ शकतो. आणि कॅनॉनिकल मराठी पानाचा मराठीकडंच, इंग्रजीकडं नाही.

रोबोट्स

<मेटा नेम="रोबोट्स" कन्टेन्ट="नोइंडेक्स">

हे पान निकालात दाखवू नका, एवढाच त्याचा अर्थ. "इंडेक्स, फॉलो" लिहायची गरज नसते, ते तसंही धरलेलंच असतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्डप्रेसवर साइट बनत असताना रीडिंग सेटिंगमधला सर्च इंजिनला नको म्हणायचा डबा टिक करतात, आणि साइट चालू झाल्यावर ती टिक काढायची राहून जाते. साइट गूगलवर अजिबातच दिसत नसेल तर पहिले हे बघा. दुसरं, पान रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमधी (सर्च इंजिननं कुठं यायचं नाही ते सांगणारी फाइल) पण अडवलं आणि पानावर नोइंडेक्स पण टाकलं तर गूगल आत येऊन तो टॅग वाचूच शकत नाही, आणि बाहेरच्या लिंकांवरून पत्ता निकालात येऊ शकतो. नोइंडेक्स पाहिजे असेल तर दार उघडं ठेवा.

क्लासवाल्यांना हात जोडून सांगणं आहे. पोरांच्या मार्कांच्या याद्या, पालकांचे मोबाइल नंबर असली पानं नोइंडेक्स टाकून सुरक्षित होत नाहीत. तो टॅग म्हणजे कुलूप नाही, पत्ता माहीत असलेला कुणीबी उघडतो. असली माहिती पासवर्डच्या आतच पाहिजे, नाहीतर वेबसाइटवर नकोच.

हेड मधीच तुटतं ते

हे कमी जणांना माहीत असतं. हेडच्या आत ठरावीकच टॅग चालतात. मधी कुठं डिव्ह नाहीतर इमेजचा टॅग आला की ब्राउझर समजतो हेड संपलं, बॉडी सुरू झाली, आणि त्याच्या खालचे सगळे टॅग बॉडीत गेले. कॅनॉनिकल बॉडीत गेला की गूगल तो मानत नाही. हे मुद्दाम कुणी करत नाही, जाहिरातीचा नाहीतर मोजणीचा कोड हेडमधी चिकटवताना होतं. त्या कोडच्या शेवटी नोस्क्रिप्टच्या आत एक बारका इमेज टॅग असतो, आणि जो प्रोग्राम जावास्क्रिप्ट न चालवता वाचतो त्याच्यासाठी हेड तिथंच बंद होतं. म्हणून क्रम असा ठेवा: चारसेट, व्ह्यूपोर्ट, टायटल, डिस्क्रिप्शन, कॅनॉनिकल, ओजी, आणि बाहेरचे कोड सगळ्यात खाली.

वर्डप्रेसवाल्यांनी अजून एक बघा, एसइओचे, म्हणजे गूगलसाठी टॅग टाकणारे, दोन प्लगइन एकाच वेळी चालू असले किंवा थीम पण टॅग टाकत असली तर एकाच पानावर दोन डिस्क्रिप्शन आणि दोन कॅनॉनिकल येतात. एक ठेवा, बाकी बंद करा.

तपासायचं कसं

कंट्रोल यू नं दिसतो तो सर्व्हरवरून आलेला मूळ कोड. राइट क्लिक करून इन्स्पेक्टमधी दिसतं ते ब्राउझरनं दुरुस्त केलेलं आणि जावास्क्रिप्टनं बदललेलं. दोन्ही बघा, पण व्हॉट्सॲपला काय मिळालं ते पहिल्यात कळतं, आणि हेड कुठं तुटलं ते दुसऱ्यात. वाकडी अवतरण चिन्हं पण दुसऱ्यात लगेच सापडतात, कन्टेन्टमधी एकच शब्द आणि बाजूला सुटे शब्द विखुरलेले दिसतात. गूगलसाठी सर्च कन्सोलमधी यूआरएल तपासणी आहे, तिथं गूगलनं कोणता कॅनॉनिकल धरला ते पण कळतं आणि परत इंडेक्स करायची विनंती करता येते. बदल दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

आणि साइट ताब्यात देताना मालकाला समोर बसवून टायटल आणि डिस्क्रिप्शन मोठ्यानं वाचून दाखवा, पानामागून पान. ते तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. "अर्धा किलोचं पाकीट आता बंद केलंय की", "कुरिअर सगळीकडं जात नाही, तेवढं लिहू नका", असं तो तिथल्या तिथं सांगतो, आणि तिथल्या तिथं बदलता येतं. पुढं भाव, पाकीट, पत्ता काही बदललं की पानासोबत डिस्क्रिप्शन पण बदलायचं असतं, हे त्याच्या घरातल्या एका शिकत्या पोराला नाहीतर पोरीला दाखवून ठेवा, कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या डब्यात लिहायचं ते.